मदत हवी आहे: गिटारवर बोसा नोव्हा, अंगठा आणि गळा एकत्र चालेना

सहावी_तार:

मंडळी, नमस्कार. आधीचे धागे चाळले, पण गिटारवरचं सगळं हिंदी गाण्यांच्या कॉर्ड्सपाशीच थांबतंय, म्हणून नवीन धागा काढतेय.

आमच्या सोसायटीत (कर्वेनगर) कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम असतो. दरवर्षी कराओके आणि चंद्रावरची तीच ती गाणी. यंदा मी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की मी 'गारोता जी इपानेमा' (इंग्रजीत 'द गर्ल फ्रॉम इपानेमा') हे बोसा नोव्हा, म्हणजे सांबातून निघालेल्या ब्राझीलच्या हळुवार शैलीतलं गाणं, गिटारवर वाजवत म्हणणार. सेक्रेटरींनी यादी ग्रुपवर टाकलीसुद्धा, त्यामुळे आता माघार नाही.

पार्श्वभूमी: गिटार कॉलेजातली. जी, सी, डी, ई मायनर, डाऊन-डाऊन-अप, संपलं. त्याआधी शाळेत असताना तबला, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या आहेत. गाणं घरात ऐकून ऐकून जेवढं येतं तेवढंच.

अडचणी अशा:

कॉर्ड्स नेटवरून घेतल्या, एफ मेजर सेव्हन, जी सेव्हन वगैरे. पण रेकॉर्डबरोबर वाजवलं की भलतंच वाजतं. गिटार तीनदा ट्यून केली. मग कॉर्ड्सच चुकीच्या आहेत का?

ठेका. व्हिडिओत तो माणूस आरामात वाजवतो, मी वाजवलं की वरातीतल्या बँडसारखं होतं. आणि गायला तोंड उघडलं की अंगठा गाण्याच्या मागे धावायला लागतो.

बार कॉर्ड्सने (एकच बोट आडवं ठेवून सगळ्या तारा दाबायच्या) मनगट भरून येतं. गिटार साधी स्टीलच्या तारांची आहे. नवीन घ्यावी लागेल का?

जवळच्या एका क्लासमध्ये विचारलं तर "आधी ग्रेड थ्री करा, मग बघू" असं उत्तर मिळालं. तोवर दोन कोजागिऱ्या होऊन जातील.

मारवा:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. कॉर्ड्स बरोबर आहेत, पट्टी वेगळी आहे. नेटवर आणि जॅझवाल्यांच्या वह्यांत हे गाणं एफमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी चारमध्ये लिहितात. तुम्ही ऐकताय ती स्टॅन गेट्झ (सॅक्सोफोन) आणि झुआव जिल्बेर्तो (गिटार आणि गळा) यांची रेकॉर्ड असणार (मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाली, बाजारात आली १९६४ मध्ये). ती काळी एकमध्ये आहे. लय कमी करायची जी ॲप्स असतात त्यात रेकॉर्ड चार सेमीटोन वर चढवा, तुमच्या कॉर्ड्स बरोब्बर बसतील.

गाताना गोंधळ का होतो तेही सांगतो. पांढरी चारला सा धरा. गिटारच्या खर्जात सा वाजतोय आणि चाल सुरू होते रे नी नी ध, रे नी नी नी ध अशी (नी आणि ध खालचे). पहिल्या ओळीत गळा सा ला शिवतसुद्धा नाही. आपल्या कानाला टेकायला सा लागतो, तो मिळाला नाही की आपण नकळत तिकडे घसरतो. तानपुऱ्यावर एफ लावा आणि नुसतं रे नी ध गुणगुणा, शब्दही नकोत आणि गिटारही नको. सा वाजत असताना रे वर निवांत उभं राहता आलं की अर्धं गाणं झालं.

डग्गा:

प्रवेशिका पूर्ण झालीये म्हणता, मग तुम्हाला हे गिटारवाल्यांपेक्षा लवकर जमेल. तीनतालाच्या सोळा मात्रा डोळ्यांपुढे आणा.

अंगठा: १, ५, ९, १३
बोटं: १, ४, ७, ११, १४

अंगठा म्हणजे डग्गा, बोटं म्हणजे चाट. अंगठा तर विभागांवरच चालतो, फरक एवढाच की खालीलाही (नवव्या मात्रेलाही) तो वाजतो. बोटांमधली अंतरं मोजा: ३, ३, ४, ३, ३. बेरीज सोळा, परत सम. तिहाईचे हिशेब केलेल्या माणसाला हे कठीण नाही. गिटार बाजूला ठेवा, डावा हात मांडीवर, उजवा टेबलावर, आणि तोंडाने मात्रा मोजा. न मोजता हात चालायला लागले की मगच गिटारला हात लावा.

आता खरी मेख. आपण वजन समेवर टाकतो, इथे ते ५ आणि १३ वर आहे. सांबामध्ये (ब्राझीलचं नाचाचं संगीत) सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो, त्याचा जड ठोका दर दोन घातांतल्या दुसऱ्यावर पडतो. जिल्बेर्तोने तो ढोल अंगठ्यात आणला आणि तांबोरीम या छोट्या वाद्याचे तुटक बोल बोटांत. तुम्ही समेवर आपटत असणार, म्हणून वरात निघतेय. १ आणि ९ हलका, ५ आणि १३ किंचित भरीव. मोठ्याने कुठेच नाही.

बोटं म्हणजे तर्जनी, मधलं, अनामिका. तिन्ही एकदम तारा ओढतात आणि लगेच तारांवर परत टेकतात, म्हणजे आवाज तुटक राहतो. प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) ड्रॉवरमध्ये टाका.

रियाज_चालू:

डग्गा, मांडणी आवडली. पण हा साचा म्हणजे बोसा नोव्हा नव्हे हेही सांगायला हवं. ३-३-४-३-३ शिकवायला सोयीचं आहे म्हणून सगळीकडे शिकवतात. जिल्बेर्तोचं वाजवणं नीट ऐका, तो एकच साचा दळत बसत नाही, शब्दांप्रमाणे बोटांच्या जागा हलवतो. स्थिर असतो तो फक्त अंगठा.

दुसरं म्हणजे, कॉर्ड बदलताना बोटं बऱ्याचदा समेची वाट पाहत नाहीत. पुढच्या आवर्तनाचा कॉर्ड सोळाव्या मात्रेवरच पडतो, अंगठा मात्र समेवरच येतो. ती पुढे झुकलेली चाल यातूनच येते.

डग्गा:

मान्य. पण कायदा (तबल्यातली मूळ रचना) पाठ नसताना पलटे (तिचे फेरफार) करायला सांगू नये. कोजागिरीपर्यंत साचा पक्का होऊ दे, सोळावी मात्रा दिवाळीनंतर.

पेठेतला_पाहुणा:

कोजागिरीला मसाला दूध आणि पोर्तुगीज गाणं. पुण्यात काय काय बघायचं राहिलंय देव जाणे.

असो. माझा प्रतिसाद निरुपयोगी ठरू नये म्हणून: साउंडवाल्याला एको पूर्ण बंद करायला सांगा. आपल्याकडे गच्चीवरच्या कार्यक्रमात माइक दिला की एको फुकट मिळतो. तुमचा तो तुटक ठेका एकोत गेला की पाच ठोक्यांचे पंधरा होतील. आणि गिटारसाठी वेगळा माइक मागा, एकाच माइकमध्ये दोन्ही कोंबू देऊ नका.

नायलॉनवाला:

गिटार आणि कॉर्ड्सबद्दल लिहितो.

नवीन गिटार घेऊ नका. या गाण्याचा मूळ आवाज नायलॉन तारांचाच आहे हे खरं, पण बोटांनी आणि हळू वाजवलं तर स्टीलवरही गाणं उभं राहतं. कुणाची क्लासिकल गिटार उसनी मिळाली तर उत्तम. तिची मान रुंद असते (नटपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, साधारण ५२ मिमी, तुमची ४३ च्या आसपास असेल), बोटांना जागा मिळते. एक सांगून ठेवतो, क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. ताण सोसत नाही, ब्रिज उचकटतो.

मनगट भरून येतं कारण तुम्ही सहाच्या सहा तारा दाबताय. चारच लागतात: खर्जाची एक आणि चौथी, तिसरी, दुसरी. पहिली वाजवायचीच नाही, पाचवी शेजारच्या बोटाच्या टोकाने मुकी करायची. फ्रेट सहाव्या तारेकडून लिहितोय, फुली म्हणजे ती तार नाही:

एफ मेजर सेव्हन: १ × २ २ १ ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ ३ ×
जी मायनर सेव्हन: ३ × ३ ३ ३ ×
जी फ्लॅट सेव्हन: २ × २ ३ २ ×

मुखडा एवढ्यावर होतो. डग्गांच्या हिशेबाने एफ एक आवर्तन, जी सेव्हन एक आवर्तन, मग जी मायनर, जी फ्लॅट, एफ आणि पुन्हा जी फ्लॅट अर्धं अर्धं आवर्तन. मुखडा दोनदा, अंतरा दुप्पट लांब, परत मुखडा. एकूण वीस आवर्तनं.

अडखळाल ती जागा जी मायनरवरून जी फ्लॅटला जाताना. सातव्या मात्रेला बोटांनी जी मायनर वाजतो आणि नवव्याला अंगठ्याला जी फ्लॅटचा खर्ज हवा असतो. मध्ये फक्त आठवी मात्रा. तिसऱ्या तारेवरचा स्वर दोन्हीकडे तोच आहे, बाकी तिन्ही एकेक फ्रेट खाली येतात. एवढंच वेगळं काढून घोटा, नवव्या मात्रेला आधी नुसता खर्ज आला तरी चालेल. बोटांना अकरापर्यंत वेळ आहे.

सहावी_तार:

बापरे, एवढं सगळं! मांडीवर आणि टेबलावर करून पाहिलं, ३-३-४-३-३ लगेच बसलं. ५ आणि १३ वरचं वजन मात्र हात ऐकत नाही, सम आली की डावा हात आपोआप जड होतो. तबला ॲपवर तीनताल लावून केलं तर?

आणि जी फ्लॅट सेव्हन ऐकायला इतका गोड का लागतो? स्वर बघितले तर सगळे काही एफच्या पट्टीतले नाहीत.

रियाज_चालू:

तबला ॲप नको. 'धा'चं वजन समेवर येणार आणि तुम्ही पुन्हा वरातीत. साधा मेट्रोनोम (ठरावीक गतीने टोले देणारं यंत्र) घ्या, निम्म्या गतीवर लावा आणि त्याचा टोला ५ आणि १३ ला आहे असं धरून त्यात शिरा. पहिले काही दिवस टोला सारखा समेवर सरकेल. चिडू नका.

मारवा:

गोडव्याचं कारण खर्जात आहे. जी, जी फ्लॅट, एफ म्हणजे रे, कोमल रे, सा. अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरत घरी येणं. तिथे सरळ सी सेव्हन वाजला असता तर पंचमावरून सा वर उडी पडली असती. सी सेव्हन आणि जी फ्लॅट सेव्हन या दोघांत ई आणि बी फ्लॅट सामायिक आहेत, आणि घरी परतायची ओढ त्याच दोन स्वरांत असते. म्हणून एकाच्या जागी दुसरा चालतो. हे जॅझवाल्यांचं जुनं कसब, या गाण्याचा संगीतकार तोम जोबिमने ते इतक्या साळसूदपणे वापरलंय की गाणं सोपं वाटतं.

गाण्याबद्दल अजून एक. आवाज लावून गाऊ नका. तुमच्या घरात नाट्यसंगीत असेल तर हे जड जाईल. मींड नको, कंप नको, ओळीच्या शेवटी स्वर ताणून धरायचा नाही. माइकच्या जवळ जाऊन बोलल्यासारखं म्हणा. जोर लावलात की गिटार दडपली जाते, मग तुम्ही गिटार जोरात वाजवणार, मग वजन परत समेवर.

डग्गा:

अंगठा गळ्यामागे धावतो त्यावर उपाय: बोटं पूर्ण बंद ठेवून नुसत्या अंगठ्यावर आख्खं गाणं म्हणा. चार मात्रांना एक ठोका. जिथे अंगठा चुकेल तिथे गाणं थांबवा, अंगठा थांबवू नका. तो चालत राहील, तुम्ही पुढच्या समेला परत शिरा. बोटं सगळ्यात शेवटी घाला.

सहावी_तार:

हे करून पाहिलं, फरक पडतोय. मुखडा आता सावकाश का होईना, गळ्यासकट होतो. आतेभावाकडे पडून असलेली क्लासिकल गिटारही मिळाली, तारा मात्र जुनाट आहेत.

अंतऱ्याला मात्र धडकी भरतेय. नायलॉनवाला, तिथे इतक्या कॉर्ड्स आहेत की कागद पुरत नाही.

नायलॉनवाला:

नावं खूप आहेत, हाताचे आकार थोडे. हे बघा:

जी फ्लॅट मेजर सेव्हन २ × ३ ३ २ ×, मग बी नाइन × २ १ २ २ ×
एफ शार्प मायनर सेव्हन २ × २ २ २ ×, मग डी नाइन × ५ ४ ५ ५ ×
जी मायनर सेव्हन ३ × ३ ३ ३ ×, मग ई फ्लॅट नाइन × ६ ५ ६ ६ ×

इथवर प्रत्येक कॉर्ड एक आवर्तन. नाइनचा आकार तिन्ही ठिकाणी तोच, फक्त जागा बदलते. मायनर तर मुखड्यातलाच. कागदावर सेव्हन लिहिलं असलं तरी नाइन चालतो, आणि दुसऱ्या तारेला उघडी तार सांभाळायची कटकट वाचते.

शेवटच्या ओळीत अर्धं अर्धं आवर्तन: ए मायनर सेव्हन ५ × ५ ५ ५ ×, डी सेव्हन फ्लॅट नाइन × ५ ४ ५ ४ ×, जी मायनर सेव्हन, सी सेव्हन फ्लॅट नाइन × ३ २ ३ २ ×. की आलात मुखड्यावर.

आणखी एक सोय लक्षात आली का? उजव्या हाताची तीन बोटं संपूर्ण गाण्यात चौथी, तिसरी, दुसरी तार सोडत नाहीत. फक्त अंगठा सहावीवरून पाचवीवर जा-ये करतो.

सहावी_तार:

आकार वहीत काढले. खरंच तेच तेच आहेत. जी फ्लॅट मेजरवरून बी नाइनला जाताना चौथ्या तारेवरचं बोट तिसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर येताना भरकटतं, तेवढं घोटते.

तारा बदलायच्या आहेत. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी घातल्या तर ताज्या वाजतील ना?

नायलॉनवाला:

अजिबात नको! नायलॉन नवीन असताना ताणत राहते, पहिले काही दिवस दर थोड्या वेळाने सूर उतरतो. निदान आठवडाभर आधी घाला, रोज वाजवा, रोज चढवा. गच्चीवर रात्री हवा गार पडली की सूर हलणारच, तेव्हा तुमचा नंबर यायच्या आधी खाली खोलीत ट्यून करून वर येऊ नका. गिटार अर्धा तास आधी गच्चीवर नेऊन ठेवा आणि तिथेच लावा. क्लिपवाला ट्यूनर घ्या, स्पीकर चालू असताना फोनच्या माइकवरच्या ट्यूनरला काही कळत नाही.

पेठेतला_पाहुणा:

आणि नाव पुकारल्यावर स्टेजवर ट्यूनिंग करत बसू नका. पुणेकर दूध पिऊन घरी जातात.