शब्दचर्चा : प्रभाव, वजन, छाप, करिष्मा… कुणाला काय म्हणायचं?

दौत-टाक : चरित्रलेखांत दर तिसऱ्या ओळीला 'प्रभावी व्यक्तिमत्व' भेटतं. गांधींनाही तेच, नेपोलियनलाही तेच. दरारा, वचक, छाप, वजन, वलय, करिष्मा असे इतके शब्द असताना सगळ्यांना एकच टोपी का? यांतला नेमका फरक कुणी सांगेल?

खोडरबर : आधी लेखन. व्यक्तिमत्त्व, महत्त्व, तत्त्व यांत त दोनदा येतो, कारण महत्, तत् यांच्या शेवटी मुळातच त् आहे आणि त्याला पुढे 'त्व' लागतो. नेतृत्व, वक्तृत्व, कर्तृत्व यांत एकदाच. नेतृ, वक्तृ, कर्तृ यांच्या शेवटी त् नाहीच. लोक नेमकं उलटं करतात.

आणि 'प्रभावी' औषधाला, उपायाला, फार तर भाषणाला शोभतो. माणूस 'प्रभावशाली'.

पाठभेद : 'प्रभाव' मुळात स्वभावगुण नव्हेच. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, 'स प्रतापः प्रभावश्च यत्तेजः कोशदण्डजम्' असं आहे, म्हणजे खजिना आणि सैन्य यांतून येणारं तेज. कौटिल्यही कोशदंडाच्या बळाला प्रभुशक्ती म्हणतो. ज्ञानाचं बळ ती मंत्रशक्ती, विक्रमाचं ती उत्साहशक्ती. त्या हिशेबाने नेपोलियनकडे प्रभाव होता हे बरोबर. पद नसलेल्या माणसालाही तोच शब्द लावणं हा पुढचा अर्थविस्तार, आणि तो आता रुळलाय.

'ज्याची प्रभा पसरते तो प्रभाव' अशी व्युत्पत्ती सांगतात, ती चूक. प्रभा 'भा' धातूपासून, प्रभाव 'भू'पासून. मूर्तीमागची प्रभावळ मात्र प्रभेच्या घरातली.

उंबरठा : फरक ओळखायला क्रियापद बघावं. छाप पडते, बहुधा पहिल्या भेटीत. वचक बसतो. पगडा विचारांचा बसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. वजन शब्दाला असतं, आणि ते वापरलं की थोडं कमी होतं. दरारा असलेला माणूस खोलीत शिरला की कुजबुज थांबते. शब्दाला वजन असलेल्याचा नुसता निरोप पुरतो.

वजनाची खरी कसोटी म्हणजे न आवडणारी गोष्ट लोक ऐकतात का. चौरीचौऱ्याच्या हिंसेनंतर फेब्रुवारी १९२२मध्ये गांधींनी असहकार थांबवला. जवळचे सहकारी नाराज होते, तरी आंदोलन थांबलं. याला दरारा म्हणता येणार नाही, कारण शिक्षा करायला हातात काहीच नव्हतं.

दौत-टाक : मग वक्तृत्व? ते तर छाप पाडण्याचंच साधन ना?

उंबरठा : साधन आहे, पण एकमेव नाही. अमेरिकेत गेटिसबर्गला १९ नोव्हेंबर १८६३ रोजी मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट होते, ते सुमारे दोन तास बोलले. लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटं. लक्षात कुणाचं राहिलं ते सांगायला नको. ॲरिस्टॉटलने तर बोलणाऱ्याबद्दलच्या विश्वासाचे तीन आधार सांगितलेत : शहाणपण, सचोटी आणि ऐकणाऱ्याबद्दलचा सद्भाव. आवाजाची फेक त्यात नाही. मराठीत या तिन्हींच्या बेरजेला मी 'पत' म्हणेन.

पाठभेद : 'करिष्मा'बद्दल जपून. फारसीतला किरिश्मा म्हणजे नेत्रकटाक्ष, नखरा. उर्दू-हिंदीत तो 'चमत्कार' झाला. ग्रीक 'खरिस्मा' म्हणजे कृपेने मिळालेलं देणं. दिसायला जुळे, नातं काही नाही. मराठीत ष लिहितो म्हणून तो संस्कृत वाटतो, तोही भासच.

समाजशास्त्रात हा ग्रीक शब्द आणला जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने. त्याच्या मते हे देणं अनुयायी मानतात तोवरच असतं. यश येईनासं झालं की विश्वास उडतो. म्हणून 'करिष्मा ओसरला' बरोबर, 'करिष्मा कमावला' खटकतं. कमवायची ती पत.

खोडरबर : एक तक्रार जाता जाता. 'दारूच्या प्रभावाखाली' नको, 'अमलाखाली'. 'पावसाचा पिकांवर प्रभाव' नको, 'परिणाम'. 'भाषणाने प्रभावित झालो' ऐवजी 'भारावलो'. हिंदी बातम्यांतून आलेलं हे तण आहे.

दौत-टाक : आणि वलय?

उंबरठा : वलय हा गुणच नव्हे, तो बघणाऱ्याच्या डोळ्यांतला दोष. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२०मध्ये दाखवलं की अधिकारी हाताखालच्या सैनिकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण देत, पण एकात वर असलेला बाकी सगळ्यांत वर जाई, इतका की आकडे संशयास्पद जुळत. देखणा नट औषधाबद्दल बोलला की लोक मान डोलावतात, ते याचमुळे. तेव्हा 'त्यांच्या अंगी वलय आहे' असं लिहू नये, 'त्यांच्याभोवती'.

खोडरबर : आणि 'वलयांकित'. कि ऱ्हस्व.