व्हीलचेअर दिसली की ट्रेकमधून नाव कट, हे बरोबर आहे का?

सातरस्तावाला: 4 वर्षांपूर्वी बाईकवरून पडलो, मणक्याला मार बसला, कमरेखाली काही कळत नाही. गेल्या महिन्यात सोलापुरातल्याच एका ग्रुपची नळदुर्ग किल्ल्याची ट्रिप होती, नाव दिलं, पैसे भरले, चाक ढकलायला नवे ग्लोव्हज आणले आणि आदल्या दिवशी फोन, 'चालता येतं ना?' नाही म्हटल्यावर पैसे परत. ग्लोव्हज अजून पिशवीतच आहेत. कमरेखाली लुळा पडलेला अमेरिकन मार्क वेलमन 1989 ला हाताने दोरावर स्वतःला ओढत एल कॅपिटन हा तिथला उभा कडा चढला, अन् आम्हाला नळदुर्गच्या दारातही नेत नाहीत.

डोंगरी_लीडर: वाईट वाटलं भाऊ, खरंच. पण मी 12 वर्षं पोरं घेऊन फिरतोय, माझ्या जागी उभं राहून बघा की. वेलमनच्या पुढे दोर लावत जाणारा पक्का क्लाइंबर होता. 2021 ला 8 दिव्यांग सियाचिनच्या कुमार पोस्टला, 15,632 फुटांवर पोचले, त्यांच्यामागे कसलेली ट्रेनिंग टीम होती. आमच्याकडे दोन दोर अन् फर्स्ट एडचा डबा. किल्ल्यातल्या उपळ्या बुरुजाच्या पायऱ्यांवर चौघांनी खुर्ची उचलली, एकाचा पाय घसरला तर पाचही जण खाली, मग घरच्यांना मी काय सांगू?

फिजिओताई: पायऱ्यांचंच काय घेऊन बसलात? मणक्याच्या पेशंटला मार बसलेल्या जागेखाली नीट घाम येत नाही, आपल्या उन्हात अंग तापतच जातं. हार्नेसचा पट्टा मांडीत रुतला तरी कळत नाही, रात्री घरी आल्यावर जखम दिसते आणि ती भरायला महिने जातात. हौसेपायी नको.

सातरस्तावाला: ताई, हे मी रोज जगतो. पाण्याची स्प्रे बॉटल खुर्चीला अडकवलेलीच असते, थोड्या थोड्या वेळाने हातावर जोर देऊन अंग उचलतो, झोपताना आरसा धरून पाठ-मांड्या बघतो. फोनवर यातलं एक जरी विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं, त्यांनी फक्त पाय विचारले. आणि बुरुज मी मागितलाच कुठं? फ्रान्समध्ये एका चाकाची जोएलेट खुर्ची असते, पुढे-मागे माणसं धरून डोंगरवाटेने नेतात, तसलं काही आपल्याकडचा वेल्डर करून देईल की, बसणारा तयार आहे.

डोंगरी_लीडर: घरगुती वेल्डिंगवर मी माणूस बसवणार नाही आणि बुरुजाला माझा नकार कायम. पण खालची वाट डिसेंबरात सकाळी टेप घेऊन मोजून येतो. खुर्चीची रुंदी किती?

सातरस्तावाला: चाकासकट 26 इंच. मोजायला मीपण येतो.