मदत हवी आहे: पीटर द होखच्या 'दारातल्या दारा'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी, सतराव्या शतकातला डच चित्रकार पीटर द होख याच्यावर टिपण लिहितेय. जन्म १६२९, रॉटरडॅम. वडील गवंडी, आई सुईण. म्हणूनच की काय, विटा-फरशा इतक्या मायेने रंगवतो! ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या त्याच्या चित्रात आई मांडीवर डोकं घेऊन लेकराच्या उवा बघतेय, आणि मागे उघड्या दारातून पलीकडच्या खोलीतलं ऊन दिसतंय. या आरपार दिसण्याला डच भाषेत स्वतंत्र शब्द आहे. मराठीत काय म्हणावं? 'झरोका' पटत नाही. वाड्यांबद्दल बोलताना जुनी माणसं काही म्हणत का?

आणखी एक. जुन्या पुस्तकांत तो १६८४ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला असं असतं. तिथे वारला तो खरा त्याचा त्याच नावाचा मुलगा. हे नीट सांगणारं मराठी पुस्तक आहे का?