गिबनला बायको असते का? ('एकपत्नीत्व' आणि इतर अडचणी)

अर्धविराम
एका विज्ञानलेखाचा अनुवाद करतोय. माणूस मुळात एकाच जोडीदाराचा प्राणी आहे का, आणि नसेल तर ही चाल पडली कशी, असा विषय. पहिल्याच परिच्छेदात अडलो. 'मोनोगॅमी'ला सवयीने 'एकपत्नीत्व' लिहिलं. वाक्य झालं, 'गिबनमध्ये एकपत्नीत्व आढळते.' (गिबन म्हणजे बिनशेपटीचं एक वानर.) संपादकबाईंनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं, 'आणि मादीच्या बाजूने काय आढळते?' मग 'एकविवाह' केलं, तर 'कुठल्या मुहूर्तावर?' अशी दुसरी पेन्सिल. 'एकनिष्ठा' म्हणावं, तर पुढच्याच पानावर लिहिलंय की पक्ष्यांच्या सुमारे ९० टक्के जाती जोडीने पिल्लं वाढवतात, पण त्यांतल्या कित्येकांत जनुकं तपासली की एखाद्या पिल्लाचा बाप शेजारच्या घरट्यातला निघतो. म्हणजे जोडी आहे, निष्ठा नाही. सुचवा.

मावशीबोली
'जोडीने राहणारे' म्हणा आणि मोकळे व्हा. माझ्या आजीचा शब्द 'जोडीचं पाखरू'. माळ्यावरच्या झरोक्यात पारव्यांचा जोडा होता. त्यातला एक मेला. दुसरा दोन दिवस तिथेच मान आत घालून बसलेला. आजी म्हणाली, "जोडा फुटला गं." चौथ्या दिवशी बघते तर शेजारी नवीन पारवा. आजीने खालूनच हात जोडले, "बिजवर निघाला मेला!"

तळटीप
संपादकबाईंना सांगा की ग्रीक 'गामोस' म्हणजेसुद्धा लग्नच. शास्त्रज्ञांनी तो शब्द खुशाल गिबनला आणि हंसाला लावला, मुहूर्त कुणी विचारला नाही. मग 'एकविवाह' वापरताना आपल्यालाच कसलं सोवळं? 'एकपत्नीत्व' मात्र चूक, ते 'मोनोजिनी' झालं, म्हणजे फक्त नराच्या बाजूने एक. बहुपत्नीत्व, बहुपतित्व हे दोन्ही आपल्याकडे नेमके आहेत. दोघांना एका छत्रीखाली घेणारा शब्द नाही, एवढीच अडचण.

शुद्धमती
'एकसहचरत्व'. संस्कृतोद्भव, लिंगनिरपेक्ष, अर्थवाही.

मावशीबोली
उच्चार पूर्ण होईपर्यंत सहचर उडून जाईल.

शुद्धमती
थट्टा सोपी असते. 'दूरदर्शन'लाही लोक हसले होते.

जुनं खोड
मला वेगळाच काटा टोचतो. 'पतिव्रता' या शब्दात आकडा नाही. पुरुषाचं मात्र 'एकपत्नीव्रत'. बाईच्या बाबतीत 'एक' हे न बोलता धरलेलं, पुरुषाच्या बाबतीत मोजून सांगावं लागतं. आणि 'व्रत' बघा. जे आपसूक घडतं त्याचं कुणी व्रत धरत नाही. श्वासोच्छ्वासव्रत ऐकलंय? लेखातल्या प्रश्नाचं उत्तर भाषेने केव्हाच देऊन ठेवलंय, ही चाल नैसर्गिक नाही.

तळटीप
घाई झाली. मग सत्यव्रतावरून माणूस जन्मतः खोटारडा ठरेल.

जुनं खोड
ठरतोच की.

खारीचा वाटा
शब्द घटकाभर बाजूला ठेवू. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणं दुर्मीळच. २०१३ साली ल्यूकस आणि क्लटन-ब्रॉक या दोघांनी सुमारे २५०० जातींचा हिशोब मांडला, त्यात अशा जाती ९ टक्क्यांच्या आसपास निघाल्या. त्यांचं म्हणणं, माद्या लांब लांब विखुरलेल्या असल्या की नराला एकीहून जास्त जणींची राखण जमत नाही, मग तो एकीपाशीच थांबतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने वानरकुळापुरतं निराळं कारण दिलं. परका नर पिल्लं मारतो, म्हणून बाप जवळ राहतो. प्रेमाबिमाचा उल्लेख दोन्हीकडे नाही.

माणूस अंगानेही मध्येच कुठेतरी लटकलेला. गोरिलाचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, गिबनमध्ये दोघं जवळपास सारखी, आपल्यात पुरुष थोडा जड. मर्डॉक या मानवशास्त्रज्ञाच्या संग्रहात १२३१ समाजांची नोंद आहे. त्यांतल्या १८६ समाजांतच 'एकच बायको' असा दंडक. ४ समाजांत एका बाईला अनेक नवरे. उरलेल्या सगळ्यांत पुरुषाला एकीहून जास्त चालतात, कुठे सर्रास, कुठे क्वचित. पण जिथे चार चालतात तिथेही बहुतेकांना एकच मिळते, कारण मुली काही मुलांच्या चौपट जन्मत नाहीत. तेव्हा अर्धविराम, तुम्हाला एक नाही, तीन शब्द लागतील. नियमाला एक, प्रत्यक्ष राहणीला एक, आणि शेजेला एक.

मावशीबोली
तिसऱ्याच्या उलट अर्थाचा आहे की, 'बाहेरख्याली'. पक्ष्यांसाठी चपखल.

जुनं खोड
@खारीचा वाटा, बायको 'मिळते'? आणि पुरुष दुसरी 'करतो'. "त्याने दुसरी केली." नामसुद्धा लागत नाही, क्रियापदावर काम भागतं.

मावशीबोली
"तिने दुसरा केला" असंही म्हणतात हो. जरा आवाज खाली आणून म्हणतात, इतकंच.

खारीचा वाटा
चाल कशी पडली यावर हेनरिक, बॉइड आणि रिचरसन यांचा २०१२चा निबंध वाचनीय आहे. थोडक्यात असं की बड्यांनी बायका साठवल्या की खाली बिनलग्नाच्या तरुणांची फौज उरते आणि मारामाऱ्या वाढतात. ज्या समाजांनी बड्यांनाही एकीवर आणलं ते टिकले, वाढले, त्यांची चाल इतरांनी उचलली. मला हे अर्धंच पटतं. ग्रीक-रोमनांत कायदेशीर बायको एकच, पण घरातल्या दासींना तो नियम नव्हता. म्हणजे नियम वारसाचा होता, बिछान्याचा नव्हे. आणि पुढे कित्येक ठिकाणी चाल अशी 'पडली' नाही, कायद्याने पाडली. तुर्कस्तानात १९२६, चीनमध्ये १९५०, ट्युनिशियात १९५६.

तळटीप
'चाल', 'प्रथा', 'रूढी' यांत 'रूढी' गंमतीचा. धातू 'रुह्', उगवणे, वाढणे. म्हणजे रूढी हीसुद्धा उगवलेली गोष्ट. निसर्ग विरुद्ध रूढी हा झगडा निदान या शब्दात तरी नाही.

शुद्धमती
व्युत्पत्तीतून निघतो तो यौगिक अर्थ, निघत नाही तो रूढ. तुम्ही 'रूढ' या शब्दाचाच यौगिक अर्थ सांगताय. धन्य.

तळटीप
चीत. पण 'सपत्नी' घ्या. संस्कृतात सपत्नी म्हणजे सवत, आपल्या 'सवती'चं मूळ तेच. तिच्यावरून उलटा पुल्लिंगी शब्द पाडला, 'सपत्न', अर्थ शत्रू. म्हणजे वैऱ्याला नाव द्यायला सवत आधी लागली! ऋग्वेदात (१०.१४५) सवतीचा काटा काढण्यासाठी वनस्पती खणून काढणाऱ्या बाईचं अख्खं सूक्त आहे. बहुपत्नीत्व चालत होतं, पण बायकांच्या मनाला मानवत नव्हतं. नैसर्गिक काय, ते इथे शोधा.

शुद्धमती
आणि 'दंपती'? जाया अधिक पती.

तळटीप
ती वैय्याकरणांची जुळवाजुळव. 'दम' म्हणजे घर, घराचा धनी तो दंपती. 'डेस्पॉट', म्हणजे हुकूमशहा, हा त्याचाच ग्रीक भाऊबंद.

मावशीबोली
आमच्याकडे भाऊबंद नाही, तोच आहे.

अर्धविराम
मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. गिबनचं काय करू?

जुनं खोड
त्याआधी 'बिजवर'. हा द्विज अधिक वर ना?

तळटीप
नाही हो. 'भाऊबीज'मधली बीज, दुसरी. दुसरेपणाचा वर तो बिजवर. पुढे 'तिजवर'ही आहे, द्विजाने तिथे काय करायचं?

जुनं खोड
मान्य. पण मग मावशींच्या आजीचं चुकलं. मागे उरलेला पारवा नर होता कशावरून? मादी असेल तर बिजवर कसा? बाईला हा शब्दच नाही, तिच्या वाट्याला 'पाट'.

मावशीबोली
आजीने बघितलं होतं. तो घुमत होता.

खारीचा वाटा
माद्याही घुमतात. जरा कमी.