कुलूप दिसतंय, पण कोणतं?

वर एकांनी लिहिलंय की वायफायच्या नावाशेजारी कुलूप दिसलं म्हणजे एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक रूपात पाठवणं) आहे, काळजी नको. कृपया एवढ्यावर थांबू नका. कुलूप फक्त पासवर्ड लागतो एवढंच सांगतं. डब्ल्यूईपी या जुन्या वायफाय सुरक्षा पद्धतीवर चालणाऱ्या राउटरलाही ते तसंच दिसतं, आणि डब्ल्यूईपी २००१ सालीच फुटलंय. आज ते काही मिनिटांत उघडतं.

विंडोजवर त्या नेटवर्कला जोडलेले असताना सेटिंग्जमधून त्याच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'सिक्युरिटी टाइप' ही ओळ वाचा. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. अँड्रॉइडवर नेटवर्कच्या तपशिलात सापडेल. आयफोन तर 'वीक सिक्युरिटी' असं स्वतःहून बजावतो.

तिथे डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूईपीनंतर आलेल्या डब्ल्यूपीए पद्धतीची तिसरी आवृत्ती) असेल तर उत्तम. डब्ल्यूपीए२ही चालेल, पण सोबत एईएस हे मजबूत एन्क्रिप्शन हवं, आणि खरी गोम इथेच आहे. राउटरमध्ये 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड' निवडलेलं असेल तर टीकेआयपी हे जुनं, कमकुवत एन्क्रिप्शन बऱ्याचदा चालूच राहतं आणि कुणी ते बघायला जात नाही. ते बदलाच.

शिवाय डब्ल्यूपीए२मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणीही हवेतून टिपून ठेवू शकतो आणि नंतर निवांतपणे पासवर्डचे अंदाज लढवू शकतो. राउटरला पत्ताही लागत नाही. डब्ल्यूपीए३ने ती वाट बंद केली आहे. तोवर पासवर्ड चांगला लांबलचक ठेवा, आणि डब्ल्यूपीएसचा (पासवर्डऐवजी आकडी पिनने जोडून देणारी राउटरमधली सोय) पिन चालू असेल तर तो आजच बंद करा.