आठवड्यातून एकदा साफसफाईला येणाऱ्या ताईंचे पैसे कसे ठरवावेत?

पानगळ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी पहिल्यांदाच साफसफाईला बाहेरचं माणूस येणार आहे, आठवड्यातून एकदा. रोजचा केर, भांडी आमची आम्ही करतो. पण सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून मी आणि नवरा आलटून पालटून त्यांच्यापाशी असतो, आणि मोठी कामं मागे पडत गेलीत. तीन खोल्या, स्वयंपाकघर, दोन बाथरूम. पाणी जड आहे, त्यामुळे नळांवर आणि न्हाणीच्या काचेवर पांढरे थर चढलेत. एक केसाळ कुत्रा आहे. सासरे वॉकर घेऊन चालतात म्हणून फरशी ओली राहून चालत नाही.

ज्या ताई घर बघून गेल्या त्यांनी महिन्याची ठोक रक्कम सांगितली. शेजारीण तिच्या बाईंना देते त्याच्या दीडपट. शेजारीण म्हणाली, "एवढे देऊ नकोस, मग सगळ्याच मागतील." मला घासाघीस करायची नाही. सासऱ्यांच्या खोलीत ज्यांना विश्वासाने एकटं सोडायचं, त्यांच्याशी पैशांवरून ताणाताणी करून सुरुवात करणं मनाला पटत नाही. पण औषधांचा खर्च मोठा आहे, त्यामुळे मागितले तेवढे डोळे मिटून देता येतील अशीही स्थिती नाही.

तर तासावर ठरवावं की उक्तं? सामान कुणी आणायचं? खाडा झाला तर पैसे कापायचे का? आणि आम्हीच गावाला गेलो तर? ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरा सविस्तर सांगा.

हिशेबवही

शेजारणीला आधी एवढंच विचारा की तिची रक्कम ठरली कधी. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर तीन वर्षांपूर्वी ठरलेल्या आणि तिथेच थांबलेल्या रकमेची आज ८४ टक्केच किंमत उरते. ताईंच्या हातात पूर्वीइतकंच पडायचं असेल तर ती आतापर्यंत १९ टक्क्यांनी वाढायला हवी होती. म्हणजे तुमच्या 'दीडपट'मधला काही भाग नुसता जुना-नवा भाव आहे.

दुसरं, एजन्सीचा भाव विचारून ठेवा, त्यांच्याकडून माणूस घ्यायचं नसलं तरी. एजन्सी तुमच्याकडून घेते ते आणि काम करणाऱ्याच्या हातात पडतं ते, यात अंतर असतं. त्या अंतरात बदली माणूस, जाहिरात, त्यांचा नफा असं सगळं येतं. थेट ठरवताना त्यातला काही भाग ताईंना गेला आणि काही तुमचा वाचला तर दोघांचं भलं होतं. तुमच्याकडे कायद्याने या कामाचं किमान वेतन ठरलेलं असेल तर तो तळ समजा. अनुभवी माणसाचा भाव तळाला नसतो.

ओली फरशी

पानगळताई, मी हेच काम करते. बरीच वर्षं करतेय, आता दोघीजणी माझ्या हाताखाली शिकतात. घरमालकांना जे दिसत नाही ते सांगते, मग रक्कम तुम्हीच ठरवा.

आधी वेळ. समजा एक बाई दिवसाला तीन घरं करते, प्रत्येकी दोन तास. पैसे मिळतात सहा तासांचे. पण एका घरून दुसरीकडे जायचं, कुणी दार उघडेपर्यंत थांबायचं, परत घरी यायचं, हे सगळं धरलं तर ती आठ-नऊ तास बाहेर असते. त्यामुळे आमच्या तासाचा भाव नोकरदाराच्या तासाशी लावून बघितला की आम्ही महाग वाटतो. नोकरदाराला रजेचे पैसे मिळतात, आमच्यात ते बहुतेक नसतात. वर्षाचे ५२ आठवडे. त्यातले चार आपल्या किंवा पोरांच्या आजारपणात गेले आणि चार वेळा मालकांनीच "उद्या नको" म्हटलं, तर पैसे ४४ आठवड्यांचे. कमाईतला सहावा-सातवा हिस्सा असाच गेला.

आता महिन्याचा हिशेब, आणि हे तुम्ही नीट बघा, कारण यात भली भली माणसं नकळत कमी देतात. आठवड्याला एक फेरी, म्हणून महिन्याला चार फेऱ्या धरतात. बारा महिन्यांच्या झाल्या ४८. वर्षात आठवडे ५२. ज्या महिन्यात पाचवा शनिवार येतो त्या शनिवारी बाई येते, काम करते, आणि रक्कम मात्र तेवढीच. वर्षाला चार फेऱ्या फुकट. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं. म्हणून एका फेरीचा भाव ठरवा, त्याला ५२ ने गुणा, बाराने भागा. म्हणजे महिन्याला चार नाही, साधारण ४.३३ फेऱ्यांचे. किंवा सरळ प्रत्येक फेरीला त्याच दिवशी पैसे द्या.

तासावर की उक्तं? पहिले काही आठवडे तासावर ठेवा, नंतर उक्तं करा. तुमच्या घरी पहिली सफाई नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ खाणार. काचेवरचे ते थर म्हणजे पाण्यातला चुना. तो घासून निघत नाही, त्याला आंबट लागतं, व्हिनेगर किंवा तसलं काहीतरी, आणि लावून थांबावं लागतं. जुना थर एका खेपेत जात नाही. आणि कुठे संगमरवर असेल तर तिथे आंबट चालतच नाही, दगडाची चकाकी कायमची जाते, मग तिथे साध्या साबणाने हळूहळू करत बसायचं. कुत्र्याचे केस आधी सुके उचलावे लागतात, नाहीतर ओल्या फडक्याने त्यांचे गोळे होतात. सासऱ्यांसाठी फरशी पिळलेल्या फडक्याने पुसून वर कोरडी करायची, म्हणजे एकाच फरशीवरून दोनदा हात. हे सगळं त्या ताईंनी घर बघताना धरलेलं असणार. शेजारणीकडे कुत्रा आहे का? वॉकर आहे का? बाथरूम किती? घराचं क्षेत्रफळ सगळे विचारतात. आमचा वेळ मात्र बाथरूममध्ये आणि ओट्यावर जातो, मोकळ्या खोलीत नाही.

चारेक आठवड्यांत थर निघाले, घर हाताखाली आलं, की वेळ स्थिर होतो. मग उक्तं करा. तासावरच ठेवलंत तर जी बाई हात बसल्यावर लवकर उरकते तिलाच कमी पैसे मिळतात. असं कसब कोण दाखवेल? उक्तं करताना मात्र काम ठरवून घ्या. पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, फ्रिज आतून, कपाटावरची धूळ, हे दर आठवड्याचं नाही. ते आळीपाळीने एकेक घ्या किंवा त्याचे वेगळे पैसे द्या. "जाता जाता एवढं करा ना" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, आणि प्रत्येक वेळी त्याची पंधरा मिनिटं होतात.

सामान तुमचं ठेवा. तुमच्या घरातला झाडू, फडकी तुमच्याच घरात राहिलेली बरी, आजारी माणूस आहे. हातमोजे चांगले आणा, मापाचे. आणि एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड जवळजवळ ठेवू नका, एकत्र तर कधीच वापरू देऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियावालं काच-क्लीनर मिसळलं तरी विषारी वायू होतो. बंद बाथरूममध्ये खाली वाकून घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात तो सगळ्यात आधी जातो. खोकला येतोय म्हणून घाईत उरकणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि डबे कुणाचे होते हे कुणी विचारलंही नाही.

पानगळ

ताई, हे एवढं कुणी समजावलं नव्हतं. शेजारणीकडे एकच बाथरूम आहे, आणि कुत्रा नाही. ५२ आणि ४८ चं तर डोक्यातही आलं नव्हतं. आता खाड्याचं आणि आमच्या गावाला जाण्याचं तेवढं सांगा.

उंबरठा

मी सांगते, कारण यावर आमच्या घरात वाद होऊन शेवटी नियम ठरला. आम्ही रद्द केलं तर पैसे पूर्ण, दोन दिवस आधी कळवलं आणि त्यांना दुसरं काम मिळालं तर अर्धे. ती वेळ त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवलेली असते. त्या आल्या नाहीत तर त्या फेरीचे पैसे नाहीत, पण वर्षात ठरावीक फेऱ्या पगारी रजा. आम्ही चार धरल्या. आजारपणाला कारण विचारायचं नाही.

यात आपण काही जगावेगळं करतोय असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये जिनिव्हाला मंजूर केला, २०१३ पासून तो अमलात आहे. तो कायद्याने बांधतो फक्त मान्य करणाऱ्या देशांना, पण घरात बोलणी करायला त्याचा उपयोग होतो. कामाचं स्वरूप, पैसे, ते कसे मोजायचे, तास, रजा हे आधी स्पष्ट सांगा, शक्यतो लेखी. पैसे महिन्यातून किमान एकदा, नियमित. वस्तूंच्या रूपात मोबदला असलाच तर मर्यादित. अनेक घरी काम करणारी बाईही त्यात येते, फक्त पोटापाण्याचा धंदा म्हणून न करता क्वचित कधी करणारं माणूस तेवढं वगळलंय.

त्यातल्या वस्तूंच्या रूपातल्या मोबदल्यावर माझं ठाम मत आहे. जुने कपडे, उरलेलं, मुलांची पुस्तकं प्रेमाने द्या, हवी तेवढी द्या, पण ती पगारात धरू नका. आमच्या ओळखीत एका घरी "आम्ही तिला किती देतो" याची यादी करून पगारवाढ टाळली गेली. मला ते ऐकवलं नाही.

आम्ही एक साधा कागद केला, दोन प्रती. वाढ कधी हेही त्यात लिहिलंय, दरवर्षी त्याच महिन्यात, म्हणजे त्यांना मागायला लागू नये.

ओली फरशी

वाढीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. मागणं खरंच जड जातं. उचल दिलीत तर तीही त्याच कागदावर लिहा, आणि एका महिन्यात सगळी कापू नका.

पानगळ

काल ताईंशी बोलणं झालं. त्यांची रक्कम मान्य केली, मात्र ती ५२ फेऱ्यांच्या हिशेबाने मांडून. पहिला महिना तासावर, मग उक्तं. पंखे आणि जाळ्या आळीपाळीने. आम्ही रद्द केलं तर उंबरठाताईंसारखंच. चार पगारी रजा म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली. दर आठवड्याचं जमत नाही असं दिसलं तर आम्ही पंधरवड्याने बोलावू, पण भाव पाडणार नाही, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलंय.

ओली फरशी

पंधरवड्याने बोलावलंत तर एका फेरीचा भाव थोडा जास्त पडेल, कारण मळ दुप्पट साचलेला असतो. तेही आत्ताच बोलून ठेवा. आणि पहिल्या दिवशी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, सासऱ्यांना कोण येणार आहे ते आदल्या दिवशी सांगून ठेवा. त्यांच्या खोलीला शेवटी हात लावायला सांगा, म्हणजे तोवर त्यांना सवय होते.