पॅनिक अटॅक : गोळी सुरू करू की थांबू? (चिठ्ठी बारा दिवस पर्समध्ये पडून आहे)

खिडकीजवळ
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय ३४. गेल्या तीन महिन्यांत पाच वेळा पॅनिक अटॅक आला. पहिला लिफ्टमध्ये. छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आणि खात्रीच पटली की आता संपलं. इमर्जन्सीत नेलं, ईसीजी नॉर्मल. नंतर थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, इको सगळं झालं. काही नाही. हे ऐकून हायसं वाटायला हवं होतं, पण मग ते होतं तरी काय, याच विचारात दुसरा आला. तेव्हापासून जिन्याने जाते. ऑफिस सातव्या मजल्यावर आहे.

सायकियाट्रिस्टनी एसिटालोप्राम लिहून दिलंय, आठवडाभर ५ मिग्रॅ, मग १०. सोबत क्लोनाझेपाम ०.२५, तेही पहिले दोन-तीन आठवडे आणि फारच झालं तर. शिवाय सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) करा म्हणाल्या.

गोळ्या सुरू कराव्यात की आधी नुसती सीबीटी करून बघावी? आणि अटॅक येतो त्या क्षणी तुम्ही नेमकं काय करता?

अटी : सीबीटीला महिन्यातून दोनदाच जमेल, त्यापलीकडे पैसे आणि रजा दोन्ही नाहीत. नवीन काही विकत घ्यायचं नाही. आणि हृदय तपासून झालंय, ते कृपया पुन्हा सांगू नका.

शंकासुर
आधी हृदय तपासून घ्या. माझ्या साडूंनाही सगळे टेन्शन टेन्शन म्हणत होते.

गोगलगाय
शंकासुर +१. एका ईसीजीत त्या मिनिटापुरतंच कळतं. बटण दाबल्यासारखी धडधड एकदम सुरू आणि एकदम बंद होत असेल तर तो हृदयाच्या लयीचा दोष असू शकतो, त्याला एसव्हीटी म्हणतात. माझ्या बहिणीचं तेच निघालं, २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून फिरायचा ईसीजी). त्याआधी दोन वर्षं ती "घाबरट" होती.

खिडकीजवळ
होल्टर राहिलंच होतं, विचारते. माझी धडधड हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते.

काटा_दीडशे
ताई, एक चांगलं स्मार्ट घड्याळ घ्या. माझ्याकडे ईसीजी, ऑक्सिजन, झोप, ताण सगळं दाखवणारं आहे. बॅटरी नऊ दिवस. धडधड वाटली की बघायचं, ठोक्यांचा आकडा ९२ दिसला की मन शांत. मागच्या वर्षीचं मॉडेल अजिबात घेऊ नका, पट्टा लगेच तुटतो.

दुपार
"नवीन काही विकत घ्यायचं नाही" हे वाचलंत का? आणि ९२ च्या ऐवजी १२० दिसलं की काय करता?

काटा_दीडशे
पुन्हा बघतो.

दुपार
किती वेळा?

काटा_दीडशे
उतरेपर्यंत. विषय तो नाही.

धाडसी_ससा
लोक उगाच वाढवतात. अल्प्राझोलाम, विषय संपला. ०.५ ची गोळी, मी तीन वर्षं घेतोय, पाकिटात पट्टी कायम असते. अटॅक आला की टाकायची, वीस मिनिटांत माणूस थंड. ती महिनाभराने लागू पडणारी औषधं घेऊन करायचंय काय?

औषधवाली
मी काउंटरवर सोळा वर्षं काढलीत. ससेभाऊ, अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि वीस-तीस मिनिटांत बहुतेकांचा आपणच उतरतो. तुमची गोळी काम करायला लागते तोवर तो निघालेलाच असतो. श्रेय मात्र गोळीला जातं.

धागाकर्तीसाठी : तुमच्या चिठ्ठीतल्या दोन गोळ्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. एसिटालोप्राम एसएसआरआय गटातलं, म्हणजे नैराश्य आणि चिंता या दोन्हींवर देतात ते. रोज घ्यायचं, परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे, सवय लागत नाही पण एकदम सोडायचंही नाही. क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलाम बेंझोडायझेपाइन. झटपट, आणि रोज घेतली तर शरीराला काही आठवड्यांतच त्यांची सवय व्हायला लागते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, २०२० मध्ये या गटाच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला इशारा आणखी कडक केला, त्यात हेच आहे. ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका तर पॅनिक डिसऑर्डरसाठी ही देऊच नका म्हणते. तुमच्या डॉक्टरांनी थोडे दिवस, लागली तरच, असं लिहिलंय ते विचार करूनच. दारूसोबत कधीही नाही, आणि घेतली की गाडी चालवायची नाही.

पेन्सिल
गोळ्या म्हणजे आयुष्यभराची गुलामी. मन खंबीर करा. रोज पहाटे उठून पाच किलोमीटर पळा. मी मागची आठ वर्षं साधी डोकेदुखीचीही गोळी घेतलेली नाही.

जुना खोडरबर
पेन्सिल, तुम्हाला कधी अटॅक आलाय का?

पेन्सिल
नाही, म्हणूनच सांगतोय.

जुना खोडरबर
:-) बरं. माझं ऐका. मी एसिटालोप्रामच घेतलं, चौदा महिने. पहिले दहा दिवस वाईट गेले. मळमळ, झोप उडालेली, आणि धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली. हे होतं असं कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून चौथ्या दिवशी बंद करणार होतो. तुमच्या डॉक्टरांनी ५ पासून सुरुवात केलीय ती त्यासाठीच असणार. पाचव्या आठवड्यात एका दुपारी लक्षात आलं की सकाळपासून छातीकडे लक्षच गेलं नाही.

आता माझी चूक. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून मनानेच सोडली. चक्कर, चिडचिड, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं. महिन्याभरात अटॅक परत. डॉक्टर ओरडले. बरं वाटल्यावरही सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायची असते, आणि मग पायरीपायरीने उतरायची असते.

एक गोष्ट कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो : शरीरसंबंधांतली इच्छा कमी होते, बऱ्याच जणांची. लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. मी सात महिने गप्प बसलो आणि घरात भलतेच गैरसमज झाले.

तिरकी रेघ
थोडं अवांतर. हा आजार नवा नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये धडधड, धाप, छातीत दुखणं आणि हृदयात दोष मात्र सापडत नाही, असं डॉक्टर दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये नोंदवलंय. 'चिडखोर हृदय' असं नाव दिलं होतं. पॅनिक डिसऑर्डर असं वेगळं निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आलं १९८० साली. शब्द ग्रीकांच्या पॅन देवावरून, रानात माणसांना अचानक दचकवणारा.

शंकासुर
बाईंना श्वास लागतोय आणि तुम्ही इतिहासाचा तास घेताय.

तिरकी रेघ
दीडशे वर्षांपूर्वीच्या सैनिकालाही हेच व्हायचं हे कळल्यावर मला स्वतःला पहिल्यांदा एकटं वाटेनासं झालं. म्हणून लिहिलं.

दुपार
आता सीबीटीबद्दल, कारण त्यावर कोणी बोलतच नाहीये. मी बारा सत्रं केली. लोकांना वाटतं तिथे बसवून गोड बोलतात. मला पहिल्या महिन्यातच फिरत्या खुर्चीवर बसवून मिनिटभर गरागरा फिरवलं. मग नाक दाबून बारीक नळीतून श्वास. मग मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. तीस सेकंदांत तेच! मुंग्या, ओठ बधिर, जग लांब गेल्यासारखं. ज्याला मी झटका येतोय समजत होते, ते मी खुर्चीत बसून स्वतः तयार करू शकत होते. मला हसू आलं, आणि मग रडू.

जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मुंग्या त्यामुळे येतात. ऑक्सिजन कमी झालेला नसतो. १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं चक्र आहे : धडधड झाली, "मेलो" असा अर्थ लावला, त्या भीतीने धडधड वाढली, म्हणजे अर्थ खराच ठरला. सीबीटीत तो मधला अर्थ तोडतात.

आणि "सुरक्षेचे चाळे". माझी पाण्याची बाटली. बाटलीशिवाय मी दारापर्यंतही जात नव्हते. ससेभाऊंची पाकिटातली पट्टी, दीडशेंचं घड्याळ आणि तुमचे जिने हे सगळं त्याच पंगतीतलं. त्यामुळे वाटतं की बाटली होती म्हणून वाचले. बाटली नसती तरीही वाचले असते, हे कधी कळतच नाही.

काटा_दीडशे
घड्याळाला चाळा म्हणणं पटलं नाही. डेटा आहे तो.

गोगलगाय
अटॅकच्या वेळी कागदी पिशवीत श्वास घ्या. रामबाण.

औषधवाली
नको. हा सल्ला आता देत नाहीत. समोरचा प्रकार दमा किंवा हृदयाचा निघाला तर पिशवीने जीवावर बेतू शकतं. सावकाश, पोटातून, उच्छ्वास लांबवत श्वास घ्या. तोही अटॅक हाकलायला नाही, नुसता वेग आवरायला.

खिडकीजवळ
दुपार, "मेलो" ऐवजी माझ्या डोक्यात "सगळ्यांसमोर कोसळेन" असतं. तेव्हा काय?

दुपार
पाचांपैकी किती वेळा कोसळलात?

खिडकीजवळ
एकदाही नाही.

दुपार
शुद्ध जाते ती बहुतेकदा रक्तदाब पडल्यामुळे. पॅनिकमध्ये तो सहसा थोडा वर जातो. हे पाठ करून उपयोग नाही, अटॅक चालू असताना तिथेच उभं राहून बघावं लागतं. मी मनात म्हणायचे, "आलास? ये. किती वर जातोस बघू." पहिल्या दोन वेळा जमलं नाही, पळाले.

शंकासुर
प्रोप्रानोलोल कोणी सांगितलं नाही अजून? आमच्यातले एक गायक कार्यक्रमाआधी घेतात, हात थरथरत नाहीत.

औषधवाली
ते व्यासपीठाच्या भीतीला ठीक. थरथर आणि धडधड दाबतं, पॅनिक डिसऑर्डरचा इलाज म्हणून त्याला फारसा आधार नाही. दमा असलेल्यांनी तर लांबच राहायचं. आणि गायकाची गोळी गायकाकडेच राहू द्या.

पेन्सिल
पाच किलोमीटर पळण्यावर कोणी काहीच बोललं नाही.

जुना खोडरबर
व्यायाम चांगलाच. पण सुरुवातीला पळताना छाती उडाली की मला तोच अटॅक वाटायचा. चालण्यापासून सुरू केलं. कॉफी तेवढी अर्ध्यावर आणा, माझी दिवसाला पाच कप होती आणि मी ते कोणत्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं.

धाडसी_ससा
औषधवाली ताईंचं वाचून परवापासून अल्प्राझोलाम बंद केली. म्हटलं दाखवूनच देऊ. काल रात्रभर झोप नाही, हात थरथरतायत, घाम. याला काय म्हणायचं? आजार परत आला?

औषधवाली
ससेभाऊ, थांबा. तुम्ही ती अधूनमधून घेत होतात की रोज?

धाडसी_ससा
रोज. दोनदा. वर लागली तर अजून एक.

औषधवाली
मग हे गोळी तोडल्यामुळे होतंय. रोजची बेंझो एकदम तोडली तर फिट येऊ शकते. मी "सोडा" म्हटलं नव्हतं, पण "एकदम सोडू नका" हे ठळक लिहायला हवं होतं, चूक माझी. आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या, डॉक्टरांना फोन करा. लागला नाही तर इमर्जन्सीत जा, एकटे जाऊ नका, गाडी चालवू नका. किती आणि किती वर्षं घेताय ते खरं सांगा.

जुना खोडरबर
ससेभाऊ, गेलात का? नुसतं "हो" लिहा.

पेन्सिल
मी म्हणालो होतो, गुलामी.

दुपार
पेन्सिल, आत्ता नको.

धाडसी_ससा
हो. मेहुणा आलाय. निघतोय.

खिडकीजवळ
ससेदादा, कळवा.

बाकी, सगळ्यांचं वाचलं, दोनदा. बहुतेकांचं मत दोन्ही एकदम सुरू करा असं दिसतंय, आणि ते बरोबरच असेल. तरी मी आत्ता एसिटालोप्राम सुरू करत नाहीये. गोळीची भीती हे कारण नाही. पुढचा पूर्ण महिना ऑफिसात ऑडिट आहे, आणि खोडरबरकाकांचे ते पहिले दहा दिवस मला त्या महिन्यात नकोत. काल डॉक्टरांशी बोलले. त्यांना पसंत नव्हतं, पण आठ आठवडे नुसती सीबीटी चालेल म्हणाल्या. अटॅक वाढले, घराबाहेर पडणं बंद होऊ लागलं किंवा जगणं नको असं एकदाही मनात आलं, तर त्याच दिवशी त्यांना गाठायचं, आठ आठवड्यांची वाट बघायची नाही. पुढची तारीख घेऊन ठेवलीय. होल्टरही लावून देणार आहेत.

महिन्यातून दोनच सत्रं, म्हणून मधल्या दिवसांचा गृहपाठ मागून घेतलाय. पहिला गृहपाठ लिफ्ट, एकच मजला.

जुना खोडरबर
मला हे पटलं नाही. सातवा मजला जिन्याने चढणाऱ्या माणसाने थांबू नये. पण तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे, एवढं पुरे.

दुपार
महिन्याला दोन सत्रं कमीच पडतात. गृहपाठ खरंच केलात तर निभेल. मी करायचे नाही, म्हणून बारा लागली.

काटा_दीडशे
ऑडिटच्या महिन्यात तरी घड्याळ वापरून बघा, माझं जुनं पडून आहे. पट्टा तुटलाय.

शंकासुर
लिफ्ट अडकली तर?

खिडकीजवळ
तो तिसरा गृहपाठ आहे, दरवाजा उघडल्यावरही दोन मिनिटं आत उभं राहायचं. काल पहिला केला. एक मजला. धडधड झाली, उतरल्यावरही होत होती. वरचे सहा जिन्याने गेले.

धाडसी_ससा
उशीर झाला कळवायला. दोन रात्री ठेवून घेतलं होतं. गोळी परत सुरू केलीय, आता जास्त वेळ टिकणाऱ्या दुसऱ्या गोळीवर आणून दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करणार आहेत. अर्धं वर्ष तरी लागेल म्हणाले, जास्तही लागेल. सोबत ते महिनाभराने लागू पडणारं औषधही दिलंय, ज्याला मी वर नावं ठेवली होती. पट्टी बायकोकडे असते, ती मोजून देते. पाकीट फार हलकं वाटतं, दिवसातून दहा वेळा हात जातो.